तेवीस लग्नांचा रेझ्युमे

१

दर्शना केणीच्या रेझ्युमेवर दीप्ती मॅडमनी लाल पेनाने ‘खोटी माहिती’ असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. एक पुरली असती. पण मॅडम प्रवेश समितीवर नव्या आहेत, आणि नवा माणूस रेघ जरा जोरातच ओढतो.

मी रुपाली. ठाण्यातल्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसात आठ वर्षं खिडकी नंबर दोनवर बसते. लोककला विभागाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारा जागा आहेत, आणि अर्जाला मार्कशीटसोबत एक पानी रेझ्युमे जोडावाच लागतो. नुसत्या मार्कांवरून कला कळत नाही, असं कोणा शहाण्याने कधीतरी ठरवलं. तेव्हापासून दर जूनमध्ये मी ढिगाने रेझ्युमे वाचते. त्यातला प्रत्येक जण ‘मेहनती आणि प्रामाणिक’ असतो. वाचून वाचून माझा प्रामाणिकपणावरचा विश्वासच उडत चाललाय.

दर्शनाचा रेझ्युमे मात्र माझ्या लक्षात राहिला होता. ‘अनुभव’ या मथळ्याखाली तिने एकच ओळ लिहिली होती : धवलारीण म्हणून तेवीस लग्नं, जून २०२३ ते मे २०२५.

धवलारीण म्हणजे आगरी लग्नात धवले गाणारी बाई. हळदीपासून पुढचे सगळे विधी तिच्या गाण्यावर चालतात. एकवीस वर्षांच्या मुलीने तेवीस लग्नं गायली, यावर समिती बेहद्द खूश झाली. तात्पुरत्या यादीत तिचं नाव चौथं लागलं, तेही स्कॉलरशिपसकट. मग दीप्ती मॅडमनी रेझ्युमेच्या तळाशी ‘संदर्भ’ म्हणून दिलेल्या नंबरावर फोन लावला.

पलीकडून गोपीनाथ मढवी म्हणाले, “केणींची दर्शना? नाय ओ. माजे पोरीचे लग्नान धवलं तुळसा आत्यानी बोल्ली. ती पोरगी मागं बसलेली, ताट धरून.”

संपलं. खोटी माहिती दिली की प्रवेश रद्द, आणि पुढची तीन वर्षं अर्ज करायचा नाही, असा नियम फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात छापलाय. अंतिम यादी शुक्रवारी एक वाजता लागणार होती, आणि आज बुधवार होता.

दर्शनाला बोलावून घेतलं. बारीक अंगाची मुलगी, केसांची घट्ट वेणी, हातात प्लास्टिकची फाइल. लाल रेघा बघून ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने विचारलं, “हा नंबर कोणी टाकला?”

“म्हणजे ते गृहस्थ खोटं बोलतायत?” दीप्ती मॅडमनी विचारलं.

“नाही. ते खोटं नाय बोलत.”

“मग तू खोटं लिहिलंस.”

“मी पण नाही.”

तुळसा माझी आजी, एवढंच सांगून ती फाइल उचलून निघाली.

२

आमच्या ऑफिसच्या अधीक्षक सरोज प्रधान नऊ दिवसांनी निवृत्त होणार होत्या. चौतीस वर्षं त्यांनी अर्ज तपासले. त्यांना आम्ही सरोजताई म्हणतो, आणि त्या नसल्या की ‘भिंग’ म्हणतो. त्यांना हे ठाऊक आहे.

“रुपाली, तो कागद आण,” त्या म्हणाल्या.

त्यांनी रेझ्युमे दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. मी म्हटलं, “ताई, यात वाचण्यासारखं काय आहे? मुलीने फेकलंय. आजीची लग्नं स्वतःच्या नावावर लावली.”

“फेकणारा माणूस पंचवीस लिहितो, नाहीतर पन्नास. तेवीस कोणी फेकत नाही.” त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. “आता खालचा भाग बघ. वरचं सगळं सरळ, साधं. आणि इथे? ‘आपल्या सेवेसी सविनय संदर्भ सादर.’ ही भाषा त्या मुलीची आहे?”

नव्हती. हे मला आधी दिसायला हवं होतं.

“आणि सगळ्यात मोठी गोष्ट या कागदावर नाहीच आहे,” सरोजताई म्हणाल्या. “आजी इतकी नावाजलेली धवलारीण. कोणतीही मुलगी पहिल्या ओळीत आजीचं नाव लिहील. हिने कुठेच लिहिलेलं नाही. का?”

“आजीचं श्रेय लाटायचं म्हणून.”

“असेल. किंवा आजीपर्यंत कोणी पोचू नये म्हणून.” त्यांनी पर्स उचलली. “लिफाफ्यावर कोपरीच्या एका झेरॉक्स दुकानाचा शिक्का आहे. जाऊन येऊ. टायपिंगवाला पकडायला हवा.”

तो नंबर मुद्दाम कोणी घातला असेल, तर मला वेटिंग लिस्टवरच्या पहिल्या मुलीचा संशय होता. तिचे वडील घोडबंदर रोडवरून दोनदा येऊन ‘कोणी गळालं का’ असं विचारून गेले होते. मी तसं बोलूनही दाखवलं. सरोजताई म्हणाल्या, “सगळेच बाप विचारतात गं.” माझा संशयित असा पायऱ्या उतरतानाच सुटला.

३

टायपिंगवाला म्हणजे दर्शनाचा आत्तेभाऊ मयूर. कोपरीत त्याचं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पत्रिका छपाईचं टपरीवजा दुकान. आम्ही कॉलेजातून आलोय म्हटल्यावर त्याने आधी खुर्च्या पुसल्या आणि मग घाम पुसला.

“मॅडम, आईशपथ, वरती मी एक शब्द पण घुसवला नाय. दर्शी बोलली, तू फक्त टाईप कर. एरवी मी लीडरशिप, टीमवर्क सगळं टाकून देतो. तिने हात नाय लावू दिला.”

“आणि खाली?” सरोजताईंनी विचारलं.

मयूर पायाकडे बघायला लागला. “ते माझ्या फॉरमॅटमध्ये असतं. संदर्भ रिकामा ठेवला ना, की रेझ्युमे एकदम उघडा दिसतो. ती बोललेली, रिकामाच राहू दे. पण गोपीनाथ मामांच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका मीच छापलेली, नंबर होता माझ्याकडे. मोठं नाव आहे. म्हटलं, बहिणीचं काम होईल. टाकला आणि लिफाफा चिकटवून दिला.”

“तिला न सांगता?”

“सरप्राइज होतं.”

असं सरप्राइज वैऱ्यालाही मिळू नये.

“तिने अनुभवात लिहिलं ते तुला खरं वाटलं होतं?”

“खरं सांगू? मला वाटलं, ही पण फेकतेय. सगळेच फेकतात. लग्नात पुढे तर आजीच बसते.” तो एकदम कळवळून म्हणाला, “मॅडम, माझ्यामुळे तिची सीट जाणार का? आजीला काय सांगू मी? आजी तर हल्ली फोन पण घेत नाय, सगळं दर्शीच बोलते.”

सरोजताई उठल्या होत्या. त्या पुन्हा बसल्या. “आजी फोन कधीपासून घेत नाहीत?”

“दोनेक वर्षं झाली असतील.”

सरोजताईंनी पर्समधून रेझ्युमेची प्रत काढली, जून २०२३ या तारखेवर बोट ठेवलं आणि काही न सांगता प्रत परत पर्समध्ये टाकली. असं त्यांनी केलं की मला फार राग येतो.

४

गोपीनाथ मढवींचे आजोबा मिठागरात राबले. आता गोपीनाथ घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहतात. आम्ही गुरुवारी सकाळी गेलो. हॉलमध्ये एका बाईचा मोठा फोटो होता, त्याला ताजा हार. खाली एक रांगता नातू टीव्हीचा रिमोट चघळत होता.

“त्या पोरीवर माजा काय राग नाय,” ते म्हणाले. “मना इचारलं, मी सांगितलं. लग्नाला दोनशे मानसं होती, कोनालाबी इचारा. तुळसा आत्या म्हंजे आमची शेवटची धवलारीण. तिचेसारखी परत नाय होनार.”

“लग्नात असं काही खास गायल्या होत्या त्या?” सरोजताईंनी विचारलं.

मढवींनी फोटोकडे बघितलं. “ही माजी शेवंती. पोरीचे लग्नाचे सात महिने आधी गेली. हलदीला आई नाय, पोरगी नुसती बसलेली. आनि आत्यानी धवल्यान शेवंतीचं नाव घातलं. शेवंती मायनी हलद आनली, लेकीला लावली. मी दोनशे मानसांसमोर रडलो ओ.” हे सांगतानाही ते डोळे पुसत होते. मग त्यांनी नातवाच्या तोंडातून रिमोट काढला आणि लग्नाचा व्हिडिओ लावला.

पाटाजवळ तुळसाबाई बसलेल्या. हातात माईक, आणि पदर तोंडावरून नाकापर्यंत धरलेला. त्यांच्या मागे मान खाली घालून दर्शना, मांडीवर हळदीचं ताट आणि साथीसाठी ठेवलेला दुसरा माईक. आवाज भरदार, जुना, अंगावर काटा आणणारा.

“त्या कायम असा पदर धरून गातात?”

“पयले नाय. हल्ली धरते. वय झालं, दात गेले. लाजते.”

“जरा मागे घ्या,” सरोजताई म्हणाल्या. मढवींनी घेतलं. “अजून एकदा.” तिसऱ्यांदा बघताना त्या टीव्हीच्या इतक्या जवळ गेल्या की नातू घाबरून बाजूला सरकला. मी डोळे फाडून बघत होते. मला हळद, पदर आणि पोरगी याशिवाय काही दिसलं नाही.

लिफ्टचं दार बंद झाल्यावर मी म्हटलं, “ताई, आता बोला. नाहीतर मी इथेच ओरडेन.”

“तुळसाबाई त्या गाण्यात तीन वेळा खोकल्या. खांदे हलले, पदर हलला. माईक तोंडाशीच होता.”

“मग?”

“मग स्पीकर एकदाही खोकला नाही.”

५

कोपरीतलं केणींचं घर दोन खोल्यांचं, दारात अबोलीची कुंडी. तुळसाबाई ओट्यावर बसून वाल सोलत होत्या. लुगडं, कपाळावर गोंदण, आणि नजर अशी की मी आपोआप चप्पल सरळ लावून ठेवली. त्यांनी हात जोडले. दर्शना म्हणाली, “आजी म्हणते, या बसा.”

सरोजताईंनी तब्येतीचं विचारलं. दर्शना म्हणाली, “आजीला बरं आहे.” वाल गावचे का, असं विचारलं. दर्शना म्हणाली, “हो, गावचेच.”

“दर्शना, पाणी आणतेस?” मुलगी आत गेल्याबरोबर सरोजताई हलक्या आवाजात म्हणाल्या, “तुळसाबाई, तुमचा आवाज केव्हा गेला?”

म्हातारीच्या हातातला वाल तसाच राहिला. तोंड उघडलं, पण आतून नुसती हवा आली.

पाण्याचे पेले घेऊन दर्शना दारातच थबकली होती.

“बस,” सरोजताई म्हणाल्या. “मढवी म्हणतात, मुलगी गायली नाही. तू म्हणतेस, मी गायले. आणि तूच म्हणतेस, दोघंही खरं बोलतायत. हे कधी जमेल? त्यांना दिसलं ते त्यांनी सांगितलं आणि तू केलंस ते तू लिहिलंस, तरच. पुढच्या माईकवर खोकला ऐकू येत नाही, कारण तो बंद असतो. गाणं मागच्या माईकवरून येतं. दोन वर्षांपासून आजी फोन घेत नाहीत, आणि तुझा अनुभवही जून २०२३पासूनच सुरू होतो.”

दर्शनाने पेले खाली ठेवले. मग ती बोलायला लागली आणि थांबेना.

“घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर बोलले, आवाज परत येणार नाही. तेव्हा आजीने आठ लग्नं घेतलेली. लोकांनी तारखा तिला विचारून काढलेल्या. मला सगळे धवले पाठ होते, लहानपणापासून तिच्या मांडीवर बसून तिच्यासारखेच म्हणायचे मी. पण आमच्या भावकीत लग्न न झालेल्या मुलीने पाटासमोर बसायचं नाही. धवला लागत नाही, म्हणजे फळत नाही, असं म्हणतात. म्हणून ती पुढे, मी मागे. आठाची तेवीस झाली.”

“आणि कोणाला कळलं नाही?”

“कोणी मागे बघतच नाही.” तिने डोळे पुसले. “मला कोणाला सांगायचं पण नव्हतं. फक्त त्या फॉर्मवर लिहिलेलं, अनुभव लिहा. म्हटलं, हा कागद कॉलेजात जाणार, आपल्याकडचं कोणी वाचणार नाही. जगात एकाच कागदावर मी खरं लिहिलं. आणि त्याच्यावरच तुम्ही खोटं म्हणून लिहिलंत.”

मला खिडकी नंबर दोनची पहिल्यांदा लाज वाटली.

“समितीला हे सांगितलंस तर सीट आत्ता मिळेल,” मी म्हटलं.

“आणि तेवीस घरांना वाटेल, आपली फसवणूक झाली. आजीला परत कोण पाटासमोर बसवणार? नको मला सीट. तीन वर्षांनी बघू.”

तुळसाबाईंनी हात पुढे केला. त्यांना तो कागद हवा होता. त्यांनी तो अक्षराला अक्षर लावत, बोट फिरवत वाचला. अनुभवाच्या ओळीवर बोट थांबलं. मग त्यांनी तो पालथा करून मागेही पाहिलं. आपलं नाव शोधत असाव्यात.

सरोजताई उठल्या. “तुळसाबाई, मी समितीला यातला एक शब्दही सांगणार नाही. घर तुमचं, धवले तुमचे. उद्या एक वाजता यादी लागते, एवढंच सांगते.”

६

शुक्रवारी साडेबारा वाजले तरी कोणी आलं नव्हतं. दीप्ती मॅडमनी दर्शनाच्या जागी वेटिंगवरचं नाव टाईप करून ठेवलं होतं, फक्त छापायचं बाकी होतं. सरोजताई शांतपणे डबा खात होत्या. मी त्यांच्यावर चिडले. त्या म्हणाल्या, “भेंडी घे.”

बारा चाळीसला दारात नवं लुगडं दिसलं. तुळसाबाई, त्यांच्यामागे रडून डोळे सुजलेली दर्शना, मयूर, आणि सर्वांत मागे गोपीनाथ मढवी. ते गोंधळलेले होते. “आत्यानी मयूरकडून निरोप धाडला, कॉलेजात ये. काय झालं ओ?”

दीप्ती मॅडमच्या केबिनमध्ये सगळे मावले नाहीत, दार उघडंच ठेवावं लागलं. तुळसाबाई मढवींच्या समोर उभ्या राहिल्या. त्यांनी तोंडावरचा पदर काढला, पार खांद्यापर्यंत खाली घेतला, आणि बोलल्या. आवाज नव्हताच. नुसती कुजबूज, पण खोली इतकी गप्प झाली होती की ती सगळ्यांना ऐकू गेली.

“गोप्या, माजा आवाज गेला. तुझे पोरीचे लग्नान मी नाय बोल्ली. ही बोल्ली.”

मढवींचा चेहरा उतरला, मग लाल झाला. “म्हंजे माजे पोरीला फसवलं? आई नसलेले पोरीला?”

तुळसाबाईंनी मान हलवली नाही की खाली घातली नाही. त्यांनी दर्शनाच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला पुढे ढकललं. आपल्या पुढे.

दर्शनाने डोळे मिटले.

“हलद कोनी आनली गो, हलद कोनी लावली,
शेवंती मायनी आनली गो, लेकीला लावली...”

तोच आवाज. घोडबंदर रोडच्या चौदाव्या मजल्यावर ऐकलेला, भरदार, जुना. तो त्या बारीक मुलीच्या गळ्यातून येत होता, आणि खिडकी नंबर एक ते चारवरची माणसं रांगा सोडून दारात जमा झाली होती. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते मी अजिबात लपवलं नाही.

गाणं संपल्यावर मढवी एक पाऊल पुढे आले. मग त्यांनी विचारलं, “शेवंतीचं नाव घालायचं कोनी सांगितलं तुला?”

“कोणीच नाही,” दर्शना म्हणाली. “दीदी पाटावर बसलेली, पण सारखी दाराकडे बघत होती. मला वाटलं, ती आईची वाट बघतेय. म्हणून घातलं.”

“पोरगी सुखान हाय,” मढवी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “नातू रांगतो. धवला लागला नाय, असं कोन बोलंल? चांगला लागला.”

एकला दहा मिनिटं कमी होती. दीप्ती मॅडमनी घसा साफ केला. त्यांचेही डोळे ओले होते, पण नियम तो नियम. “हे सगळं ठीक आहे. पण संदर्भाची पडताळणी फोनवरून झाल्याची नोंद आहे. मी ती अशी कशी बदलणार?”

“मग परत फोन करा ना,” मढवी म्हणाले.

मॅडमनी आमच्याकडे बघितलं. सरोजताईंनी मान डोलावली. मॅडमनी रेझ्युमे समोर धरला, तळाचा नंबर दाबला, आणि तीन फुटांवर मढवींच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढला, नीट कानाला लावला.

“हां, गोपीनाथ मढवी बोलतोय. कोन, कॉलेजातून? केणींची दर्शना? हां, वलखतो. माजे पोरीचे लग्नान धवलं तिनीच बोल्ली. आजीनी शिकवलं, नातीनी बोल्ली.” मॅडमनी ‘खोटी माहिती’ या शेऱ्यावर काट मारली आणि यादीत दर्शनाचं नाव परत टाईप केलं.

“आजींचं नाव मात्र कागदावर नाही,” सरोजताई म्हणाल्या, आणि आपलं पेन दर्शनाच्या हातात दिलं. तिने अनुभवाच्या वरच्या रिकाम्या जागेत लिहिलं, गुरू : तुळसा केणी. तुळसाबाईंनी वाकून ते अक्षराला अक्षर लावत वाचलं.

मढवींनी अजून फोन ठेवला नव्हता. “हॅलो, मॅडम, अजून एक लिवून घ्या. तेवीस नको, चोवीस करा. पुढचे महिन्यान माजे पुतन्याचं लगीन हाय. पाटासमोर ही बसनार, आनि आत्या हिचे शेजारी. भावकीला काय सांगायचं ते मी सांगतो.”

“ते लग्न अजून व्हायचंय,” दीप्ती मॅडम फोनमध्ये म्हणाल्या, तीन फुटांवरून. “आत्ता चोवीस लिहिलं तर खोटी माहिती होईल.”

पहिल्या हसल्या त्या तुळसाबाई. आवाज नव्हताच, नुसते खांदे हलत होते. पण पदर खांद्यावरच होता, आणि तो त्यांनी तोंडाशी नेला नाही.